आरशावरची टिकली

बसा ना, नेमसिंगभाऊ — उठता काहून घडीघडी? गाडी काई पळून नाई चालली, ट्रायलवर गेली हाय. आमचे मिस्त्री स्वतः घेऊन गेले, आता रहेमान मिस्त्रीच्या हातात गाडी हाय म्हटल्यावर पांढरकवड्यात कोणी चिंता करते का? चहा घ्या, आलं टाकलं हाय. — काय म्हटलं? आरसा रात्रीचा अन् ट्रायल दिवसाची कशी? आता हे इचारलं तुमी बरोबर. तीस वर्षं वणीहून कोळशाचा ट्रक चालवलेला माणूस, तुमाले कोण फसवन. तं कापसाच्या जिनिंगच्या गोदामात नेली गाडी, तठी भर दुपारी बी मिट्ट अंधार असते — गोदामाचं दार उघडाले चौकीदार पाहिजे, चौकीदार जेवाले गेला असन, म्हणून उशीर होऊन राह्यला. बसा.

तुमी आले तवा काय म्हणत होते — आयशाबी, रात्री मागून ट्रक आला का हा गाडीतला आरसा डोळ्यात सुई टोचल्यावाणी करते, अन् समोरून आला का सगळा उजेड फुटून जाते. तुमच्या पोरानं, भारतनं, पुण्याहून गाडी पाठवली तवा फोनवर सांगतलं होतं का बाबा, ह्या आरशाले हात लावाचं काम नाई, मागून लाईट पडला का तो आपोआप काळसर होते. अन् हा तं ढिम्म. शोरूमवाल्यानं उभ्या उभ्या पाह्यलं अन् म्हणे, नवा टाका. आता नवा टाका म्हणाले कोणती अक्कल लागते? ते तं मी बी म्हणू शकते, अन् मी सातवी नापास. आमच्या दुकानात पहिले पुसाचं असते, मंग खोलाचं. पुसून चाललं तं खोलाचं काम नाई. ह्या आरशाले असतात दोन डोळे. एक पुढच्या काचेकडं — तो पाहाते का बाहीर दिवस हाय का रात्र. दुसरा आपल्याकडं, खालच्या कडेले, तिळाएवढा — तो पाहाते का मागून उजेड येते का. पुढचा म्हणते रात्र, मागचा म्हणते उजेड, दोघायचं पटलं का आरसा काळा होते. तुमच्या मागच्या डोळ्याले काई दिसतच नव्हतं. काहून नव्हतं दिसत? हात पुढं करा. तसा नाई, उताणा. हे पाहा.

टिकली. लाल, बारीक, खालचा डिंक अजून चिकट. त्या डोळ्यावर अशी बसली होती जशी कोणी मोजून लावली. — मी कुठं काय म्हटलं? मी फक्त टिकली म्हटलं, तुमीच म्हणून राह्यले का माह्या गाडीत कोणी नाई बसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाई. — कोण? अंगणवाडीच्या म्याडम? पाहा, मी इचारलं बी नाई अन् तुमी नाव घेऊन मोकळे. करंजीच्या फाट्यापासून दोन डाव लिफ्ट दिली. ऊन होतं. बरं. थंडीच्या दिवसात लय ऊन पडते म्हणा आपल्याकडं. अन् बिचारीच्या हातात वजनकाटा होता, लेकरायचे वजन कराचा — हो, तो जडच असते, मी कुठं नाई म्हटलं. माह्या तोंडाकडं काहून पाहाता? मी हसून नाई राह्यली, माहे दातच असे हायेत.

घरवालीले, जमनीले सांगू नका म्हणता? नाई सांगत. अल्लाची कसम, नाई सांगत. पण भाऊ, तुमी किती घाबरले — त्या घाटात ब्रेक गेल्ता तवा गाणं म्हणत गाडी खाली आणली असं तुमीच सांगता ना दर होळीले, अन् आता डाळीच्या दाण्याएवढ्या टिकलीनं कपाळाले घाम आणला. जाऊ द्या, मले पाहवत नाई. टिकली जमनीचीच हाय. — मले कसं माहीत? घ्या. मी स्वतः लावत नाई म्हणून काय झालं, चाळीस वर्षं शेजारणींच्या कपाळाकडं पाहूनच बोलली ना मी. जमनीची हेच असते, बाजारातल्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली, पाकिटावर मोर असते. अन् बायकायची सवय तुमाले नवी हाय का? तोंड धुवाचं झालं, घाम पुसाचा झाला, का टिकली काढाची अन् समोरच्या आरशाले लावाची. मंग तठीच इसराची, दुसरी लावाची. तुमच्या न्हाणीतल्या आरशावर पाहा, पाच-सहा तं असतीनच. तशी ह्या आरशाले लावली तिनं, आरसाच तं हाय — त्याले डोळे असतात हे तिले कोण सांगणार?

हो. हो, ते मागं बसते, मले माहीत हाय. मागच्या सीटवरून ह्या आरशाले हात कसा पुरन — पुरते ना. वाकलं का पुरते. पुसत असन काच, तिले सफाईचा लय नाद. — सीट? सीटचं काय? दर मंगळवारी सीट पुढं ओढलेली असते अन् आरसा खाली झुकलेला असते. हं. ते — ते आमचे मिस्त्री. ठेंगणे पडतात ना. तुमी मंगळवारी बाजाराले येता, गाडी आमच्या लिंबाखाली लावता, चावी माह्याजवळ टाकता, अन् धरमसिंगच्या टपरीवर दोन-दोन घंटे पत्ते — बरं, पत्ते नाई, समाजाच्या गोष्टी — तवर ऊन फिरते, गाडी सावलीत घ्यावी लागते, मंग हे सीट ओढतात. तुमी बी ना, भाऊ, पोलिसात पाहिजे होते. चहा निवून राह्यला. अन् आरशाची काळजी सोडा, आरसा सकाळीच ठीक झाला — तुमी पान खायले गेल्ते तवाच मी पुढच्या डोळ्यावर तळहात ठेवला, मागच्यावर मोबाईलचा टॉर्च मारला, तं असा निळा-काळा झाला का मलेच माहं तोंड दिसंना.

मंग गोदामात कायले नेली? — डबल. डबल ट्रायल असते. एक आमची, एक — थांबा, ते कोण येऊन राह्यलं? पायी. एका हातात मेथीची जुडी, एका हातात छत्री. या अल्ला. या माणसाले मी म्हटलं होतं का एक वाजेपर्यंत दुकानाकडं फिरकू नका, मशिदीत बसा, भावाकडं बसा, कुठी बी बसा. — काई नाई झालं, मिस्त्री, तुमी आत जा. मेथी निवडा. मी बोलून राह्यली ना भाऊसंग. जा.

बसा, नेमसिंगभाऊ. गाडी चोरीले नाई गेली. आता लपवून काय फायदा, तुमी काई आंधळे नाई — म्हणजे, तसं म्हटलं तं — बसा म्हटलं ना. गाडी जमनीजवळ हाय.

तुमची जमनी. जे तुमच्या हिशेबानं आतल्या खोलीत माह्या मशीनवर ब्लाउज शिवून राह्यली. ते रेस्ट हाऊसच्या पटांगणात हाय, आरटीओचा कॅम्प लागला आज, तिची लायसनची परीक्षा हाय. बाजूले आमची तमन्ना बसली, पोट्टीजवळ पक्कं लायसन हाय, काई कायद्याच्या बाहीर नाई केलं आमी. दोन महिन्यापासून दर मंगळवारी जिनिंगच्या मागच्या मैदानात शिकवलं तिले, तुमी पत्ते पिसत होते तवा — हो, पत्तेच, धरमसिंगची बायको माही मैत्रीण हाय. पहिल्या दिवशी ते क्लच सोडे अन् गाडी बेडकावाणी उडे, मी हसून हसून अर्धी झाली, ते घामानं डबडबली, टिकली सुटाले लागली तं काढून आरशाले डकवली. तं आरसा तिनंच बिघडवला, अन् मी बाजूले बसून पाह्यलं. कसूर आमचा दोघींचा. ते मी कबूल करते.

पण आता तुमी एक कबूल करा. टिकली लागली दिवाळीच्या नंतर. अन् दिवाळीच्या दोन दिवस पहिले, यवतमाळहून येताना, करंजीच्या वळणावर तुमी गाडी रस्त्याच्या कडेच्या गोट्यायवर चढवली. तवा टिकली कुठी होती? तवा आरसा चांगला होता ना? — मागून लाईट आला. बरं. आता मघाशीच तुमी म्हटलं का समोरून ट्रक आला का सगळा उजेड फुटून जाते, रस्ता दिसतच नाई. आरसा मागचं पाहाते, भाऊ, समोरचं नाई. नाचता येईना अंगण वाकडं — तुमाले नाई म्हणत, तुमी चांगलेच नाचत होते, तीस वर्षं नाचले. पण मी आता कप दिला तवा तुमी कपाच्या बाजूले हात घातला. मी सरकवला म्हणून तुमच्या हाती लागला. आमच्या मिस्त्रीले मोतीबिंदू झाले तवा सहा महिने ते असंच करत होते, अन् सहा महिने त्यायच्या हिशेबानं सगळ्या गावाचे बल्ब खराब होते.

त्या रात्री जमनी तुमाले एक शब्द नाई बोलली ना? मले माहीत हाय. मंगळवारी आली, ह्याच स्टुलावर बसली, अन् म्हणे, "आयशा, त्याले रात्री दिसत नाई अन् तो मानत नाई. मले गाडी शिकव." बस, इतकंच. रडली नाई. मलेच रडू आलं, मी कायले खोटं बोलू. साठीले आलेली बाई, कधी सायकलले हात नाई लावला, अन् स्टेरिंग असं धरे जसं कोणी हिसकून नेईन. तिले मी इचारलं, त्यायच्यासंग भांड ना, डॉक्टरकडं घेऊन जा. तं म्हणे, त्याले कोणी आंधळा म्हटलं तं तो जेवणार नाई दोन दिवस. त्यापरीस मी शिकते, रात्रीची मी चालवीन, त्याले सांगीन का मले हौस हाय. तुमची इज्जत राखाले ते बाई स्वतः हौशी म्हणून घ्यायले तयार हाय. अन् मी बसली सगळं सांगून. हे तोंड हाय का गटाराची जाळी, काईच थांबत नाई ह्याच्यात.

इचारलं काहून नाई म्हणता? इचारलं असतं तं काय म्हटलं असतं तुमी? — राठोडाच्या घरची बाई स्टेरिंगवर. पाहा. आता बी तेच म्हटलं. तुमच्या आजीनं लदेणीचे बैल हाकलले हे माह्या लेकरायले कोणी सांगतलं? तुमीच, ह्याच बाकड्यावर बसून. शंभर बैल, पाठीवर मीठ, रात्रीचं जंगल. ते चालते, अन् हे एक गाडी नाई चालत. — नाई, आता रेस्ट हाऊसवर जाता नाई येणार तुमाले, पायी गेले तं पाऊण घंटा लागते, अन् मिस्त्रीची मोटरसायकल मी सकाळीच पंक्चर करून ठेवली. स्वतःच्या हातानं. असं पाहू नका माह्याकडं. अन् घरी जाऊन तिच्यावर ओरडाचं असन तं खुशाल ओरडा, फक्त वजनकाट्याची गोष्ट माह्याजवळ हाय अन् ह्या तोंडाचा भरोसा तुमी आता पाह्यलाच.

आली. ते पाहा — चौकातून वळून राह्यली, हात दाखवून राह्यली, इंडिकेटर बी अन् हात बी, दोन्ही. हळू, जमने, हळू. तमन्नानं खिडकीतून आंगठा दाखवला, भाऊ. पास. पास झाली ते.

आता उठा. तोंड नीट करा, ते दुरूनच ओळखीन. तिले म्हणा, मले ठाऊक होतं. म्हणा, मीच आयशाबीले सांगतलं होतं का हिले शिकव — म्हणा काई बी, मी हो म्हणीन. अन् शुक्रवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं हाय, ते तिलेच चालवू द्या, दिवसा बी. जा, चहाचं राहू द्या.

नाई, नेमसिंगभाऊ. स्टेरिंगच्या दारानं नाई. तठी ते बसली हाय. फिरून जा — डाव्या अंगानं.