दंडाला बांधलेलं कार्ड

लाज वाटती, पण चहा आलाय तर सांगतेच. माझी नात शिकायला जर्मनीला निघाली. हितनं पैसे भरायचे आन तिकडं काढायचे, असलं कार्ड ल्योकानं बारामतीतनं आणलं. माझ्या हातात दिलं, "अम्मा, हे तिच्या पिशवीत ठेव."

पिशवी चोरीला गेली तर? आमच्यात लांब निघणाऱ्याच्या दंडाला हिरव्या फडक्यात नाणं बांधत्यात. मी त्याच फडक्यात कार्डबी शिवलं.

"दादी, टोचतंय की!"

"टोचू दे, दुवा हाय," म्हणले, आन रडारडीत कार्डाचं सांगायचंच राहिलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला, "अब्बा, कार्ड न्हाय! खोलीचं भाडं कशानं देऊ?"

ल्योक सुनेवर उखडला, "पिशवी तूच भरली हुतीस ना?" ती बिचारी रडाय लागली. मला सगळं ठावं, तरी मी आपली भाकरीच थापत बसले. शेवटी फोन घेतला आन नातीला इचारलं, "पोरी, दंडाचं फडकं कुठाय?"

"मशिदीच्या दानपेटीत टाकलं, दादी. सुखरूप पोचल्यावर दान करायचं, तूच सांगितलं हुतंस."

कार्ड बंद करून दुसरं मिळालं. पण आता मी कुणाच्या दंडाला फडकं बांधलं, की सून ते चाचपून बघती.