ढेमस, फरा अन् मागच्या खोलीची कडी

...अन् वरून मलेच म्हनते, "वहिनी, तुमी जरा समजून घ्या!" अरे, समजून घ्या म्हंजे काय? दोन जीव बोरीत भरू देऊ? तुमाले सांगते, मी या सेक्टर सिक्समधी, स्टील प्लांटच्या क्वार्टरात, लग्न होऊन आली तवापासून समजूनच घेऊन राहिली! वरच्या नरहरीभाऊचा कूलर माह्या पापडाइवर गळते, समजून घेतलं. त्याइचा नातू अंकुर भर दुपारी आमच्या भिंतीवर बॉल आपटते, तेही समजून घेतलं. पन मांजरी? नाही सोडत म्हटलं, तं नाही सोडत!

बसा ना जी, उभे कावून? आं आं, त्या खुर्चीवर नका बसू, ती कलेक्टरची हाय. कलेक्टर म्हंजे आमचा बोका. स्कूटरखाली येऊन मागचे दोन्ही पाय गेले. जागचा हलत नाही, बसल्या बसल्या हुकूम सोडते, म्हून कलेक्टर. त्याले सू आपल्या हातानं करवा लागते, दिवसातून तीन डाव, पोट असं हळूच दाबून... नाक कावून मुरडता? तुमी का जल्मताच संडासात जायले शिकून आलते? अन् ती डुलत चालून राहिली ती डुबकी. तिले जल्मापासून तोल नाही, पानी प्याले गेली का मुंडकं वाटीत. पन भांडनाचं मूळ हे दोघं नोहेत. मूळ मागच्या खोलीत हाय... ढेमस अन् फरा!

कोहक्याच्या बाजारात भाजीवालीच्या पाटीमागं सापडले, एक ढेमसासारखा गोल अन् एक तांदळाच्या उकडलेल्या फऱ्यासारखी पांढरी, लांबट. भाजीच्या क्रेटमधी घालून, स्कूटरवर, मोहन नगरच्या हर्षा डाक्टरनीकडं नेले. तिनं एकेकाचं थेंबभर रक्त एकेका पट्टीवर टाकलं. दोघाइच्याही दोन-दोन रेघा! आजकाल पट्टीवर दोन रेघा आल्या का लोक पेढे वाटते जी, इथं मी दोघाइले पदराखाली घेतलं! ती बिचारी हळू आवाजात, "काकू, हा ल्यूकेमियाचा व्हायरस आहे. बरा नाही होत. पण घरात, वेगळं, जपून ठेवलं तर दोन-तीन वर्षं मजेत जगतील. जास्तही जगतील."

मंग काय, मागची खोली त्याइची. वाट्या वेगळ्या, रेतीचा टब वेगळा, माहा गाऊनही वेगळा! आधी कलेक्टर-डुबकीचं करायचं, मंगच मागं जायचं, निंगताना कोपरापर्यंत साबन. कावून का हे मांजरीपासून मांजरीले होते, थुंकीतून, एका वाटीतून. मानसाले होत नाही, कुत्र्यालेही होत नाही. हे मी शहान्यासारखी आख्ख्या ब्लॉकले सांगत फिरली, ल्यूकेमिया म्हंजे काय तेही सांगितलं, अन् तिथंच फसली.

"रक्ताचा कॅन्सर?" नरहरीभाऊ गॅलरीतून अर्धे खाली लोंबकळले. "वहिनी, आमच्या अंकुरले झाला तं?"

"तुमचा अंकुर माह्या मांजरीची वाटी चाटते का?"

"तसं नाही जी... पन कॅन्सर तं कॅन्सर हाय ना!"

हा मानूस दिवसाले दोन बंडल बिडी ओढते, अन् भेते कोनाले? दोन किलोच्या फराले! आमचा गोलू तं त्याच्याहून भारी. बंगलोरहून फोनवर म्हनते, "मम्मी, छोड़ दो ना यार, दूसरी ले आना, हेल्दी वाली!" मी म्हटलं, बाप्पा, तुले टायफाइड झालता तवा मी दुसरा पोट्टा आनला का, हेल्दी वाला? फोन ठेवला त्यानं. नाही सोडत म्हटलं, तं नाही सोडत!

अन् आमचे हे? नाव देवाजी! बत्तीस वर्षं प्लांटच्या मेंटेनन्समधी काढली, वर्षाले चार वाक्यं बोलते, त्यातली तीन जेवनाबद्दल. मांजरी आल्या त्या दिवशी चौथं बोलले, "माहा यात संबंध नाही." अन् पेपर वर केला तो केलाच.

तं मागच्या रविवारी, सकाळची वेळ, हे पोहे खाऊन राहिले, मी फराले गोळी चारून, हात धुऊन, नुकतीच भायेर आली, अन् दारात नरहरीभाऊ! संगं बाजूच्या क्वार्टरातला केवलराम, आनखी दोघं, चारही प्लांटचेच, अन् हातात बोरी. "वहिनी, आमी कोहक्याच्या पलीकडं सोडून येतो. मोकळी हवा, उंदीर खातीन, मजेत राहतीन." ढेमस? अन् उंदीर? त्याले साध्या सर्दीनं मरन येईन जी, आठ दिवसात! मरता मरता तिकडच्या धा मांजरीले लावून जाईन! मी वाटेत आडवी झाली. ओरडली, रडली, नाही सोडत म्हटलं तं... अन् आवाजच फाटला. ते चार, मी एकली. खोटं कावून बोलू, भेली मी. केवलराम बाजूनं निंघून खोलीच्या कडीपर्यंत पोचलाही.

तेवढ्यात हे उठले. पोह्याची प्लेट खाली ठेवली. खुंटीवरची ड्यूटीची थैली काढली, त्यातून लाल टॅग काढला, खिशातला पेन घेतला. नाव लिवलं, नंबर लिवला, टाइम लिवला. केवलरामच्या नाकासमोर टॅग कडीले तारेनं बांधला अन् म्हटलं, "शटडाऊन हाय. टॅग माहा हाय."

तुमाले प्लांटचा कायदा सांगते. फिटर मशीनच्या पोटात शिरला का स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावते. तो सोता भायेर येऊन आपल्या हातानं काढत नाही, तोवर मोठ्यातला मोठा साहेबही त्या स्विचले बोट लावत नाही. कावून का आत जीव असते!

केवलरामनं हात असा मागं घेतला, जसा तवाच लागला! नरहरीभाऊ म्हनते, "देवाजी, हे घर हाय, प्लांट नोहे."

हे म्हनते, "काढून पाह्य."

पाच मिनिटं चार गडी त्या टॅगकडं पाहून राहिले जी, अन् एकाची हिंमत झाली नाही! त्यातला एकेक जन कधी ना कधी असल्याच टॅगच्या भरवशावर मशीनच्या पोटात शिरला व्हता. शेवटी नरहरीभाऊ घसा खाकरून विचारते, "किती दिवसाचं शटडाऊन हाय?"

"डाक्टरीन म्हनते दोन-तीन वर्षं. जास्तही."

बोरी घेऊन आले, चहा पिऊन गेले! मले इतकं भरून आलं, का मी पदरानं डोळे पुसत, ढेमसले जवळ घ्यावं म्हून कडीले हात लावला...

"थांब!" हे म्हनते, "टॅग कोनाचा हाय?"

अवो, मी! मी आनल्या त्या मांजरी! मी औषध देते, मी टब साफ करते! म्हनते, "रूल म्हंजे रूल. परमिट घे." अन् वही काढली! आत जायची वेळ, कामाचं स्वरूप, भायेर यायची वेळ, सही. परवा रिमार्क लिवला, 'सात मिनिटं उशीर. कारण: लाड.' अन् सोता? रोज सकाळी 'इन्स्पेक्शन' म्हून आत जाते, अर्धा अर्धा तास, फरा मांडीवर, पेपर उलटा!

काल मी म्हटलं, आज ढेमस जेवला नाही जी, जरा जास्त बसू द्या त्याच्याजवळ. तं म्हनते, "एक्स्टेन्शनचा फॉर्म वेगळा हाय."

भरते मी, बाप्पा. काय करता? ...पेन हाय का जी कोनाजवळ?