निरोपाला वेळ लागतो

काओ : नऊ माणसं, मिसेस होवलँड! नऊ माणसं सात मिनिटांत संपली! प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं दिलीत, आणि तुमचे लोक माईकपाशी जाऊन म्हणतात काय, तर "आधीच्या बाई बोलल्या तेच माझं म्हणणं." झालं, आले परत!

व्हर्ना : तेच म्हणणं असेल तर पुन्हा कशाला सांगायचं? मागे माणसं ताटकळलेली असतात.

काओ : ताटकळू देत की! सकाळी बसमध्ये घसा फोडून सांगितलं ना मी? बारापर्यंत समितीनं विधेयक पुढे पाठवलं नाही, तर या वर्षापुरतं ते मेलं. आणि बोलणारा एक जरी उरला तरी त्यांना मतदान घेता येत नाही.

व्हर्ना : छान सांगितलंस. वकिलीणबाई शोभतेस. पण पोरी, आमच्या गावात दुसऱ्याचा वेळ खाणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलण्यासारखं. ऑडेलनं तर स्वतःच्या लग्नात पाद्र्यापुढे नुसती मान हलवली होती.

काओ : आज तीही हलवली नाही. टोपी काढली, "थँक यू" म्हणाले आणि आले. चार सेकंद!

व्हर्ना : म्हणजे त्याच्या मानानं बराच बोलला.

काओ : हसताय काय! बाराला दहा कमी आहेत, आत विधेयकाच्या बाजूचा शेवटचा माणूस बोलतोय, आणि त्याच्यानंतर रांगेत तुम्ही एकट्याच उरल्यात.

व्हर्ना : हसत नाहीये गं. भीती वाटली की माझं तोंड असंच होतं. ते कैदेचं पुन्हा सांग.

काओ : सरकारी जागेत पाचपेक्षा जास्त लोक फलक घेऊन उभे राहणार असतील, तर महिनाभर आधी काउंटीच्या कचेरीची परवानगी. नाहीतर नव्वद दिवस.

व्हर्ना : आणि आम्ही पाण्यासाठी बोंब मारतो ती काउंटीच्याच नावानं! ज्याच्या नावानं ओरडायचं त्यालाच आधी विचारायचं, ओरडू का म्हणून! अकरा वर्षं दर शनिवारी कोर्टासमोर उभी आहे मी. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, रॉल्फनं, फलक रंगवला. गुडघे गेले तरी यायचा, घडीची खुर्ची घेऊन. तो गेला, पण खुर्ची मी अजून मांडते. कायदा झाला तरी मी जाणार, काओ. फक्त... या वयात तुरुंग म्हणजे धाकधूक होते.

काओ : तुम्हाला तुरुंगात जाऊ नाही देणार मी. पण दोन मिनिटांना घंटा वाजते. ते दोन मिनिटांचं घड्याळ थांबतं ते फक्त अध्यक्ष स्वतः बोलायला लागले की. आणि ते कशाला बोलतील?

व्हर्ना : कुठला आहे हा अध्यक्ष टोर्गसन?

काओ : एल्क फोर्कचा.

व्हर्ना : अगंबाई, म्हणजे बर्निसचा मुलगा, आपल्याकडचाच! मग असं बघ, बोलणं आम्हाला जमत नाही. पण निघणं? निघायला आम्हाला किती वेळ लागतो?

काओ : तुमच्यामुळे बस तासभर उशिरा सुटली! दारात निरोप, पायरीवर निरोप, मग खिडकीतून निरोप. अगदी माझ्या आईसारखं. पिशवीभर भाजी हातात दिल्याशिवाय ती कुणाला सोडत नाही.

व्हर्ना : मग झालं तर. माझा डबा दे इकडे.

(सुनावणीचं दालन. व्हर्ना माईकपुढे, समोर अध्यक्ष टोर्गसन.)

व्हर्ना : मी व्हर्ना होवलँड. आमच्या पाण्याला वास येतो, ते सांगायला आम्ही उभे राहतो. कुणाची वाट अडवत नाही, गवतही तुडवत नाही. बोलायला परवानगी लागली तर ते बोलणं आमचं उरत नाही. एवढंच.

अध्यक्ष : तुमची दीड मिनिटं शिल्लक आहेत.

व्हर्ना : राहू देत. बरं, निघते मग.

अध्यक्ष : आभारी आहे.

व्हर्ना : आई बरी आहे ना रे? बर्निसची कंबर मोडली असं चर्चमध्ये ऐकलं.

अध्यक्ष : कंबर नाही हो, पाय मुरगळला. पायरीवरून घसरली.

व्हर्ना : मागच्या दाराच्या?

अध्यक्ष : पुढच्या. मागच्या दाराला मी कठडा बसवलाय.

व्हर्ना : शहाणा मुलगा. चला, निघतेच. तळ्यावरचं बर्फ वितळलं का तुमच्याकडचं?

अध्यक्ष : कुठलं! परवापर्यंत लोक बर्फावर मासे धरत होते. बर्फावर उभी केलेली शेजाऱ्याची गाडी अर्धी आत गेली.

व्हर्ना : दरवर्षी कुणाची तरी जातेच! बरं, येते. अरे, हे राहिलंच. र्‍हुबार्बच्या आंबट-गोड वड्या आणल्यात, सगळ्यांना.

अध्यक्ष : नको, नको. साक्षीदारांकडून घेता येत नाही.

व्हर्ना : एकेकच.

अध्यक्ष : खरंच नको.

व्हर्ना : परत न्यायच्या म्हणजे बसमध्ये चुरा होईल बघ.

अध्यक्ष : ...बरं, अगदी छोटी द्या. लोणी घरचं दिसतंय.

व्हर्ना : ऑडेलच्या गाईंचं. तो बसलाय बघ मागे.

अध्यक्ष : हं. बारा वाजून दोन मिनिटं झालीत. विधेयकावर आता मतदान घेता येत नाही. बैठक संपली.

काओ : मिसेस होवलँड! मेलं! मेलं ते!

व्हर्ना : हळू गं, लोक बघताहेत. पुढच्या वर्षी पुन्हा आणतील ना?

काओ : आणतील. आपणही पुन्हा बस भरू.

अध्यक्ष : मिसेस होवलँड, जरा थांबा. घड्याळ माझ्या समोरच असतं, बरं का.

व्हर्ना : असतं ना. मग का नाही हाकललंस?

अध्यक्ष : निघता निघता बोलणाऱ्या बाईला घाई केली, हे आईच्या कानावर गेलं असतं तर? आणि ती... शनिवारी तुमच्यात यायचं म्हणते. तिच्याही विहिरीला वास यायला लागलाय. फार वेळ उभं राहवत नाही तिला.

व्हर्ना : घेऊन ये की. खुर्ची मांडलेलीच असते.