गेममधली आमची बाग

तुम्हाला दुसऱ्याच्या दुखण्याचीच हौस. चहा पाजलात म्हणून सांगतो, पुन्हा विचारू नका.

माझा मुलगा सुहास गेला, त्याच्या आदल्या वर्षी त्याने काँप्युटरवरच्या एका विकतच्या गेमात आमची पावसची आंब्याची बाग घातली होती. कलमं, कुंपणाचा दगडी गडगा, सगळं. विहिरीजवळ तो स्वतः उभा. जवळ गेलं की त्याच्याच आवाजात म्हणायचा, "अप्पा, चला जेवायला." मी रोज जायचो.

जावई आले. म्हणाले, "अप्पा, काँप्युटर भरलाय, साफ करतो."

"बागेला हात लावू नका."

"बागेची फाईल ठेवतो हो!"

संध्याकाळी गेम लावला, तर कलमांच्या जागी गुलाबी चौकोन. विहिरीजवळही चौकोनच. आवाज नाही.

सुहासच्या मित्राने बघितलं. म्हणाला, "अप्पा, ह्या फाईलीत कोण कुठे उभं, एवढंच असतं. झाडं, माणूस, आवाज शेजारच्या फोल्डरात होते. तो फोल्डरच उडवलाय."

सातबाऱ्यावर कलमांची नोंद आहे म्हणून कोणी कलमं तोडतो काय?

जावयाला फोन केला. म्हणतो, "गेमच होता ना, अप्पा?"

दिवाळीला येऊन फराळ करून गेला, पण चुकलो म्हणाला नाही. आता जावई म्हणत नाही मी त्याला. दिनेश त्याचं नाव.