स्पीकरमधलं आमेन

हिंगोलीच्या स्टँडवर चाँदबी औंढ्याच्या गाडीची वाट बघत होती. पाठीमागच्या बाकावर म्हातारी शेवंताक्का सांगत होती अन् माहेराहून परतलेली रीता विचारत होती. त्यांचं बोलणं कानावर पडलं अन् चाँदबीचं पान तोंडाशीच थांबलं.

"रविवारी तू चर्चमदी पाहिजे होतीस, रीता. प्रार्थना सुरू अन् लाइट गेली."

"मंग स्पीकर बंद?"

"बंद! पाळकसाहेब आमेनसाठी थांबले, तर समदे स्पीकरकडं बघून राहिले."

"आपल्याला म्हणायची सवयच न्हाई ऱ्हायली, अक्का."

"कशी ऱ्हाईल? स्पीकर आला तवापासून रेकॉर्ड केलेलं गाणं तोच म्हणतो, आमेनबी तोच म्हणतो. आपण नुसतं पदर सावरून बसायचं."

"मंग काय झालं?"

"बेबीबाई वरडली, 'आमेन!' तिला ऐकू येत न्हाई, तर स्पीकर बंद पडलेला तिला काय माहीत? ती दर रविवारी म्हणतच होती."

"आपल्याला तर कधी ऐकू आलं न्हाई!"

"त्या गोंगाटात कसं येईल? समदे हसले, अन् हसता हसता गायलाच लागले. बेसूर, पण पत्रे हलले बघ. घरात तोंड न उघडणारा माहा मालकबी गाऊन राहिला."

"आता गं माय! अन् पाळकसाहेब?"

"डोळे पुसून राहिले. पण शेवटी सवयीनं म्हणाले, 'प्रभू, लाइट लवकर येऊ दे.'"

"मंग?"

"कोणीच आमेन म्हणलं न्हाई."

"बेबीबाईनंबी?"

"तिला तेवढंच बराबर ऐकू आलं."