मार्थाअक्काचं मागचं दार

जमलेल्या भावांनो, बहिणींनो, आणि सलोमी बेटा, अक्काची लेक तू, पुढेच बसली आहेस. तुझ्याकडे बघून मला बोलता येणार नाही, म्हणून मी जरा तिकडे खिडकीकडे बघून बोलतो.

तो माईक बाजूला घ्या. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. आज त्या आवाजात दुःख आहे म्हणाल, तर हो. पण निम्मा राग आहे.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जण म्हणाले, अक्काच्या हातची शेवभाजी काय सुंदर! अहो, कुठली शेवभाजी? अठरा वर्षं मी भिंतीला भिंत लावून तिच्या शेजारी राहिलो. त्या घरात शेव यायची ती चहाबरोबर, आणि तीही दुकानातली. बाई गेली, तरी तिच्या चुलीवर काय शिजत होतं ते तुमच्या तोंडून निघत नाही का? मग मी काढतो. डुकराचं मटण. मार्थाअक्का डुकराचं मटण करायची, आणि तसं या पाचोऱ्यात दुसरं कुणी करत नव्हतं. झालं. बोललो. छत पडलं का कुणाच्या अंगावर?

तिचे वडील रेल्वेच्या रनिंग रूममध्ये खानसामा होते. गाडीचे ड्रायव्हर, गार्ड मुक्कामाला उतरतात ना, तिथे. त्यांच्याकडून ती शिकली. थंडी पडली की पोटाकडचा पट्टा आणायची, एक थर मांसाचा, एक थर चरबीचा. त्याला खडेमीठ, गूळ आणि जाडसर कुटलेली मिरी चोळून आठवडाभर बरणीत ठेवायची, बरणी फ्रिजमध्ये. रोज सकाळी देवाची प्रार्थना झाली की पहिलं काम, ते तुकडे उलटायचे. मग परसातल्या चुलीवर तारेला टांगून बाभळीचा धूर द्यायची. हॉटेलात त्याला बेकन म्हणतात. अक्का त्याचे पातळ काप थंड तव्यावर मांडायची आणि मग खाली जाळ करायची. तेलाचा थेंब नाही. आपल्याच चरबीत ते कुरकुरीत व्हायचं, आणि राहिलेल्या चरबीत ती वांग्याचं भरीत परतायची. आहाहा! माफ करा, शोकसभा आहे. पण तोंडाला पाणी सुटलं तर सुटलं, मी काय करू?

आणि तिचा रस्सा! निखाऱ्यात भाजलेला कांदा, जाळावर काळं केलेलं खोबरं, आपला खान्देशी काळा मसाला, वर कैरीची फोड. मी तिच्या ओट्यावर बसून दर दहा मिनिटांनी विचारायचो, "अक्का, झालं का?" ती म्हणायची, "बसा ना भाऊ. चरबीले घाई चालस नही."

आता खरं सांगा. खात कोण नव्हतं? रविवारी दुपारी तिच्या मागच्या दाराशी कोण उभं असायचं? डबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आवाज दबका. "अक्का, ते शे का?" ‘ते’ आहे का! नाव घ्यायला जीभ जड व्हायची. वसंतनाना, तुम्ही आपल्या सोसायटीचे चेअरमन, तुमचा तो निळ्या झाकणाचा डबा मला ओळखू येतो. उठू नका, बसा. मी तुमचं नाव घेणार नव्हतो. घेतलं. बरं झालं.

आणि याच मंडळींनी दोन वर्षांपूर्वी ठराव केला. कॉलनीत वास पसरतो, असलं काही शिजवायचं नाही. कागद घरोघर फिरला. खाणाऱ्या प्रत्येकानं सही केली! का? तर आपण खातो हे कुणाला कळू नये म्हणून. अरे, लाज कशी वाटली नाही?

सही कुणी केली नाही, माहीत आहे? या हनीफभाईंनी. गाद्या भरणारे आपले हनीफभाई. त्यांच्या धर्मात ते चालत नाही. त्यांनी कधी खाल्लं नाही आणि तसं तिला तोंडावर सांगितलं. अक्कानं त्यांच्या चहासाठी नवी किटली आणि दोन कप आणले, वरच्या फळीवर वेगळे ठेवले, मटणाचा हातसुद्धा लागू दिला नाही. दर शुक्रवारी हे पुढच्या दारानं यायचे, चहा प्यायचे, पुढच्या दारानं जायचे. कागद आला तेव्हा म्हणाले, "मैं नहीं खाता, ये मेरी बात है. उसके घर में क्या पके, ये उसकी बात है." एवढं साधं होतं ते. आपल्याला नाही जमलं.

आपल्याला म्हणतोय मी. कारण तिसरी सही माझी आहे.

हो, माझी. आणि ऐका, एवढ्यावर भागलं नाही. सही करून पंधरा दिवस झाले नाहीत, तोच मी तिच्या मागच्या दाराशी गेलो, डबा घेऊन. म्हटलं, "अक्का, जावई आलेत. ते शे का?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ठराववर तुमनी सही शे ना, भाऊ? मंग मी कशी रांधू?" आणि मला आत बोलावून चहा दिला. परसातली चूल तिनं तोवर स्वतःच्या हातानं मोडली होती. विटा भिंतीकडेला नीट रचून ठेवल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षं तिनं खिचडी खाल्ली. आजारपणातसुद्धा मला एकदाही बोलून दाखवलं नाही. कसा झोपत असेन मी?

आता काल काय झालं ते सांगतो आणि बसतो. सलोमी रावेरहून आली आहे, आईच्या घरात राहणार आहे. तिनं आईच्या आठवणीत आईच्या हातचा तो पदार्थ करायचं ठरवलं. तर चेअरमनसाहेब दारात जाऊन सांगून आले, ठराव लागू आहे. अजून माती ओली आहे हो तिची!

हा तो कागद. नानांच्या फाइलमधून मीच आणलाय, रागवा हवं तर. ही माझी सही. ही बघा, खोडली. पेन इथे टेबलावर ठेवतो.

आणि सकाळी मी आणि हनीफभाईंनी मिळून त्या विटा पुन्हा लावल्या. हो, हनीफभाईंनी. चूल पेटली आहे. सलोमी, रस्सा चढवून तू इथे येऊन बसलीस म्हणून जाळ कमी ठेवलाय, काळजी करू नकोस.

सूचना आली आहे की दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची. मला इथे उभं राहायचं नाही. हा माझा डबा. झाकण मी घरीच ठेवून आलोय. मी अक्काच्या पुढच्या दारात जाऊन उभा राहतो. रस्सा शिजेपर्यंत, जितका वेळ लागेल तितका. ज्यांना उभं राहायचंय, त्यांनी माझ्यामागे उभं राहा.

येतो, अक्का. पुढच्या दारानं येतो.