मधला शब्द

मुलगी: पुन्हा म्हणा.

वडील: किती वेळा म्हणू?

मुलगी: जमेपर्यंत म्हणा. आत त्या तपासणाऱ्या बाई विचारतील, खुब्याचं दुखणं कसं आहे? सौम्य, मध्यम की तीव्र? तुम्ही काय सांगणार?

वडील: मॉडरेट.

मुलगी: बाबा, डोकं फिरवू नका माझं. घरून निघताना काय ठरलं होतं आपलं?

वडील: ठरवलं होतंस तू. मी चष्मा शोधत होतो.

मुलगी: गेल्या खेपेलाही अस्संच केलंत. इथवर कण्हत आलात, त्या दारातून आत पाय टाकला आणि एकदम ताठ. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘मॉडरेट’. जसं काही कुणी तुम्हाला चहात साखर किती घालू विचारतंय. झालं, ऑपरेशनच्या रांगेत आपण शेपटाला. वर्ष गेलं त्यात. तीव्र म्हणणाऱ्यांना आधी घेतात हो, हे तुम्हाला कितीदा सांगायचं?

वडील: माझ्यापुढे माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं असतील.

मुलगी: असतील. आणि नसतीलही. तो टोपीवाला बघा कोपऱ्यातला. आता उठून पाणी घेऊन आला, काठीबिठी काही नाही, येताना त्या नर्सशी गप्पा मारून आला. आत जाऊन तो काय बोंब मारेल बघा.

वडील: त्याचं त्याच्यापाशी. मी वाढवून सांगणार नाही.

मुलगी: वाढवून सांगा कोण म्हणतंय? खरं सांगा. काल बाथरूममध्ये नळाला लटकून उभे होतात, ओठ पांढरे पडले होते. मी दार ढकललं नसतं तर तिथंच कोसळला असता. ते काय होतं? तेही मॉडरेट?

वडील: ते क्षणभरच होतं.

मुलगी: क्षणभर. मी बाहेरून हाका मारत होते तेवढा वेळ म्हणजे क्षणभर. बरं, मला त्या शब्दाचा अर्थ सांगा एकदा. इंग्रजीच्या वर्गात सांगायचात तसा. कळू दे मला तरी, कशापायी एवढा जीव जडलाय त्याच्यावर.

वडील: तू चिडून विचारते आहेस, पण शब्द गुणी आहे. मराठीत त्याला एकच एक जोडीदार नाही. हवेबद्दल असेल तर समशीतोष्ण. पुढाऱ्याबद्दल असेल तर मवाळ. खाण्यापिण्यात बेताचं, किमतीत माफक, वेगात मध्यम. माणसाच्या वागण्याला लावला तर संयत. आणि क्रियापद केलं की उच्चारही जरा बदलतो. आम्ही पेपर मॉडरेट करायचो ते हेच. एका परीक्षकानं निबंधाला पैकीच्या पैकी दिले, दुसऱ्यानं तसल्याच निबंधाला भोपळा दिला, तर नियामकानं बसायचं आणि दोघांनाही माणसांत आणायचं. मी इतकी वर्षं केलं ते काम. तक्रार आली नाही कधी.

मुलगी: तक्रार कशी येईल? कुणाला फार मिळालंच नाही. आणि दुखण्याला लावला तर काय अर्थ?

वडील: दुखण्याला…

मुलगी: आता का अडखळलात?

वडील: दुखण्याला म्हणजे, सोसवेल असं.

मुलगी: कुणाला सोसवेल?

वडील: ज्याचं त्याला.

मुलगी: आणि त्याला उचलणारीला? दिवसभर पार्लरमध्ये उभी असते मी. लोकांची डोकी धुते, केस कापते, कुणाकुणाच्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकते. घरी आले की तुम्हाला पलंगावरून उठवायचं, बाथरूममध्ये न्यायचं, पुन्हा आणून बसवायचं. परवा एकीचे केस कापता कापता माझी कंबर अशी धरली, की कात्री हातात तशीच. ना मागे होता येईना, ना पुढे. बाई आरशातून माझ्याकडे बघतेय. अर्धे केस कापलेले तिचे.

वडील: मला बोलली नाहीस.

मुलगी: बोलून काय मिळालं असतं? म्हणाला असतात, मॉडरेट असेल. दादाला फोन करावा तर तो म्हणतो, अगं, मी कालच बोललो बाबांशी, बरे आहेत म्हणाले, तू उगाच घाबरतेस. म्हणजे तुम्ही त्याला गोड गोड सांगायचं आणि रडूबाई मी ठरायचं. लांब बसून त्याला काय जातंय.

वडील: त्याला कशाला काळजीत टाकायचं? आणि हळू बोल. लोक बघतायत.

मुलगी: बघू देत. या परमुलखात कुणाला मराठी कळतंय?

वडील: भाषा कळत नाही. आवाज कळतो.

मुलगी: हेच. अगदी हेच आईला सांगायचात. हळू बोल, लोक बघतायत.

वडील: आईचं इथं काय?

मुलगी: आईचंच आहे सगळं. कधीचं बोलायचं होतं मला. ती गेली तेव्हा बोलायचं होतं, तुमची अवस्था बघून गप्प बसले. मग तो दिवस राहूनच गेला. पण आज तुम्ही माझा अंत बघताय, म्हणून बोलते. तिच्या पाठीचं दाखवायला आपण गेलो होतो ना, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. कॉलेजात होते, इंग्रजी कळत होतं मला.

वडील: ठाऊक आहे मला.

मुलगी: डॉक्टरनं तुम्हाला विचारलं, तुम्ही आईला मराठीत विचारलंत. ती काय म्हणाली, आठवतं?

वडील: नंबर येईल आता आपला.

मुलगी: तो टोपीवाला आत जायचाय अजून. सांगा.

वडील: म्हणाली, मणक्यात कुणी तापलेली सळई खुपसून ठेवली आहे. म्हणाली, ना बसवत, ना निजवत. यांना म्हणावं, काय वाटेल ते करा, पाठ कापून काढा, पण मला यातून सोडवा.

मुलगी: आणि तुम्ही डॉक्टरला काय सांगितलंत?

वडील: तायडे, कशाला?

मुलगी: मी सांगते. ‘मॉडरेट पेन.’ बस. एवढ्या मोठ्या बोलण्याचे दोन शब्द केलेत. त्यानं मान डोलावली, गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या महिन्यात या म्हणाला. बाहेर आल्यावर आईनं माझा हात धरून विचारलं, सांगितलं का गं त्यांनी सगळं? मी हो म्हटलं. काय करणार होते मी? तुम्ही पुढे औषधांच्या खिडकीपाशी उभे होतात.

वडील: तिनं तुला विचारलं होतं, हे माहीत नव्हतं मला.

मुलगी: पुढच्या महिन्यात तपासण्या झाल्या, आणि तोवर कॅन्सर सगळीकडे पसरला होता. आता तरी सांगा मला. का केलंत तसं?

वडील: तुझी आई वाढवून बोलायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी जीव गेला म्हणायची. डास चावला तरी ‘मेले’ म्हणायची. मला सवय होती त्यातलं निम्मं सोडून द्यायची. आणि तो डॉक्टर घाईत होता. मला वाटलं, हे सळई वगैरे जसंच्या तसं सांगितलं तर तो मनातल्या मनात हसेल. म्हणेल, काय ही अडाणी बाई. चारचौघांत शोभेल असं सांगावं. मी तिचा मान राखतोय, असं वाटलं होतं मला. खरंच वाटलं होतं.

मुलगी: मान.

वडील: डॉक्टर मागाहून म्हणाले की आधी कळलं असतं तरी फारसा…

मुलगी: तरी काय? पुरं करा.

वडील: नाही. ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. खरं काय ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मुलगी: मग ज्या शब्दानं घात केला तोच कुरवाळत बसलाय तुम्ही? काही वाटत नाही तुम्हाला?

वडील: वाटतं म्हणूनच. ‘सिव्हिअर’ म्हणजे तीव्र, हा शब्द मला येत होता गं. पोरांना शिकवायचो मी तो. एवढा साधा शब्द, पण तिला दिला नाही. आणि आता स्वतःच्या खुब्यासाठी तो वापरू? कुठल्या तोंडानं?

मुलगी: असं आहे होय. म्हणजे गेल्या वर्षीही हेच होतं डोक्यात. आणि मी वेडी घरी जाऊन विचार करत बसले, म्हातारपणी हट्टी झाले, ऑपरेशनला भितात.

वडील: ऑपरेशनला मी भीत नाही.

मुलगी: प्रायश्चित्त घेताय.

वडील: तुला हवं ते नाव दे.

मुलगी: मला कसलंच नाव द्यायचं नाही. पण एक ऐका. तुमचं प्रायश्चित्त माझ्या कंबरेवर चाललंय, बाबा. तुम्ही पलंगावर दात आवळून पडता आणि तुम्हाला वाटतं, फेडलं काहीतरी. तुम्हाला नळापाशी तसं बघून मी रात्रभर जागी असते. आईच्या वाट्याला यातलं काय येणार आहे? एक कणही नाही. येतंय ते सगळं माझ्या वाट्याला. तुमच्यावर राग धरायचा म्हणते, तर तुम्हाला उठवायची वेळ होते. राग धरायचा की तुम्हाला धरायचं? दोन्ही एका वेळी नाही होत माझ्याच्यानं.

वडील: तू चिडलीस तर मी समजू शकतो.

मुलगी: समजू नका. एवढं समजूतदार नका वागू हो. एकदा तरी ओरडा माझ्यावर. आपटा काहीतरी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं तुमच्याशी बोलताना. आईलाही वाटत असेल.

वडील: वाटायचं. तसं म्हणायची ती.

मुलगी: बघा. आला तो टोपीवाला बाहेर. लंगडतोय आता, जाताना चांगला चालत गेला होता.

वडील: तायडे.

मुलगी: काय?

वडील: आपला नंबर लागला.

मुलगी: हात द्या. असा नाही, माझ्या मानेभोवती टाका. सगळा भार टाका, मी धरलंय. तोंड का वाकडं केलंत?

वडील: काही नाही.

मुलगी: पुन्हा काही नाही. चला.

(तपासणीची खोली. इथल्या बाईंना मराठी येत नाही. त्यांच्याशी होणारं बोलणं इंग्रजीत चाललं आहे.)

बाई: या. सावकाश बसा, घाई नाही. मागच्या वर्षी आला होतात ना आपण? आता कसं आहे? चालताना, बसताना, झोपताना, सगळं मिळून सांगा. दुखणं सौम्य, मध्यम की तीव्र?

मुलगी: बाबा, त्या तुम्हाला विचारतायत.

वडील: ऐकलं मी.

मुलगी: मग सांगा. तुमच्या मनाला येईल ते सांगा. मी आता एक अक्षर बोलणार नाही. थकले मी.

वडील: इंग्रजीत तोंड उघडलं की माझ्या तोंडून तोच शब्द जाईल. दुसरा निघतच नाही. मी आपल्या भाषेत सांगतो. तू त्यांना सांग.

बाई: काय म्हणतायत ते?

मुलगी: ते मराठीत सांगणार आहेत. मी तुम्हाला इंग्रजीत सांगेन.

बाई: चालेल की. सांगू दे त्यांना.

वडील: रात्री कूस वळवायला गेलो की आत हाडावर हाड घासतं. करकर कानाला ऐकू येते. तुला हाक मारावीशी वाटते, पण तू नुकती पाठ टेकलेली असतेस. मग मी टॉवेलचा बोळा करून दातांत धरतो. सकाळी तू उठायच्या आत तो धुऊन टाकतो, कधी कधी त्याला रक्त लागलेलं असतं. दिवसा पाणी पीत नाही, प्यायलं की उठावं लागतं. तू कामाला गेलीस की मी मोठ्यानं रडतो. लहान पोरासारखा, आवाज करून. शेजारच्या बाईंनी एकदा दार वाजवलं होतं, मी उघडलं नाही. आणि अलीकडे रोज रात्री दिवा मालवताना एकच मनात येतं, की सकाळी जाग आली नाही तर फार बरं होईल.

बाई: बरंच काही सांगितलं त्यांनी. काय म्हणाले?

मुलगी: ते म्हणतायत…

बाई: घ्या, वेळ घ्या.

मुलगी: ते म्हणतायत की रात्री, कूस बदलताना, त्यांना थोडं दुखतं. झोप नीट लागत नाही.

वडील: तायडे.

मुलगी: सांगतेय ना, बाबा.

वडील: मी ‘थोडं’ म्हटलं नव्हतं.